सिमेंट विकणाऱ्याने पाहिलेले चुन्याचे काम

परभणी जिल्ह्यात, गोदावरीपासून दोन-तीन कोसांवर असलेल्या आमच्या गावातील महादेव मंदिराचे जतनकाम गेल्या दोन वर्षांत एका संवर्धन करणाऱ्या चमूकडून करून घेतले. त्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय आहे. मंदिराच्या विश्वस्त मंडळाचा मी खजिनदार आहे, त्यामुळे प्रत्येक बिल माझ्या हाताखालून गेले आहे. तालुक्याच्या ठिकाणी माझे सिमेंट, लोखंड आणि रंगाचे दुकान आहे, त्यामुळे बांधकामातले मला काहीच कळत नाही असे कोणी म्हणू नये. चमूचे नाव मात्र मी येथे लिहिलेले नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही येणार आहेत आणि त्यांचे काम अजून पुरते संपलेले नाही.

आधी एक कबुली देतो. या चमूने मंदिरावरून जे खरवडून काढले, त्यातले बहुतेक सामान आमच्याच दुकानातून गेलेले होते. सिमेंट आमचे, गर्डर आमचे, ऑइलपेंटचे डबेही आमचे. वडिलांनी ते निम्म्या भावात दिले होते आणि काही डबे तर देवाच्या नावाने फुकट दिले होते. हेतू चांगला होता, यात मला आजही शंका नाही. परंतु त्या चांगल्या हेतूचे दगडावर काय झाले ते डोळ्यांनी पाहिल्यावर हा मजकूर लिहिण्यावाचून राहवले नाही.

मंदिर लहान आहे. गर्भगृह, अंतराळ म्हणजे गाभारा आणि मंडप यांमधली जागा, आणि बारा खांबांचा सभामंडप एवढाच त्याचा पसारा. समोर नंदी, उत्तरेला बारव, आणि बारवेच्या कडेला चार वीरगळ अर्धवट जमिनीत रुतलेले. गावात सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रिपंडितावरून हे नाव पडले. हा तेराव्या शतकाचा उत्तरार्ध झाला. परंतु मराठवाड्यात ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो, त्यांतली पुष्कळ देवळे त्याच्याही आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. देगलूर तालुक्यातले होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर त्यांपैकीच. आमच्या मंदिरात शिलालेख नाही. खांबांची घडण, द्वारशाखा आणि छतातले एकावर एक फिरवलेले चौकोन पाहून चमूने अहवालात "बारावे ते तेरावे शतक" एवढेच लिहिले आणि त्यापुढे जायला साफ नकार दिला. आमच्या सरपंचांना नेमके साल हवे होते, कारण कमानीवर ते रंगवायचे होते. दोनशे वर्षांचा पल्ला कमानीवर कसा रंगवणार, असे ते म्हणाले. पण जे माहीत नाही ते लिहायचे नाही, हा त्या चमूचा पहिला गुण मला तेथेच दिसला.

मंदिराला मूळ शिखर नाही. ते कधीतरी कोसळले असावे. धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिरावर विटांचे शिखर आहे, तेरला तर संपूर्ण विटांची देवळे उभी आहेत, तेव्हा आमचेही शिखर विटांचे असण्याचा संभव आहे आणि छपरावरच्या मातीत जुन्या विटांचे तुकडे सापडलेही. आता तेथे चुन्याचा एक ठेंगणा घुमट आहे, आणि तो अहिल्याबाईंनी बांधला असे गावात म्हणतात. वेरूळचे घृष्णेश्वर आणि परळीचे वैजनाथ त्यांनी उभे केले हे खरेच आहे, पण मराठवाड्यात जुने काही दिसले की ते एक तर हेमाडपंतांचे नाही तर अहिल्याबाईंचे, तिसरा कर्ताच नाही, अशी आपली पद्धत पडली आहे. घुमटाबद्दलही अहवालात नाव आले नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली झालेल्या नासधुशीचा इतिहास मात्र नेमका सांगता येतो, कारण त्याच्या पावत्या आमच्या घरात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हादरा आमच्याकडेही जाणवला आणि सभामंडपातल्या एका तुळईला चीर गेली. ती भूकंपाने गेली की आधीचीच होती, हे कोणी पाहिले नव्हते. पण त्या दिवसांत लातूर-उस्मानाबादकडून येणाऱ्या बातम्या ऐकून दगडी छपराखाली बसायची कोणाची छाती होत नव्हती. त्याच हिवाळ्यात तुळईखाली दोन लोखंडी गर्डर ठोकले, दगडांच्या सगळ्या सांध्यांत सिमेंट भरले आणि पुढच्या महाशिवरात्रीला संपूर्ण मंदिर गुलाबी ऑइलपेंटने रंगवले. त्यानंतर दर चार-पाच वर्षांनी रंग बदलत गेला. गर्भगृहात न्हाणीघराच्या फरशा लागल्या, सभामंडपात चकचकीत टाइल्स आल्या, आणि पावसाळ्यात पाय घसरून दोन म्हाताऱ्या पडल्या.

काम द्यायचे ठरले तेव्हा तीन ठिकाणांहून दरपत्रके आली. पहिल्याने आठ दिवसांत वाळूचा फवारा मारून दगड "नव्यासारखा काळाभोर" करून देतो म्हटले आणि दर सर्वांत कमी दिला. दुसऱ्याने जुने पाडून राजस्थानी दगडात भव्य मंदिर बांधण्याचे चित्रच छापून आणले, आणि खरे सांगायचे तर निम्मे गाव त्या चित्रावर भाळले होते. तिसरे दरपत्रक या चमूचे. त्यात बांधण्याच्या कामापेक्षा काढण्याच्या कामाच्या ओळी जास्त होत्या आणि सुरुवातीचे तीन महिने तर नुसतेच पाहणीसाठी धरलेले होते. रक्कम पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट. मी स्वतः त्या बैठकीत विरोधात बोललो होतो, हे इतिवृत्तात आहे.

आमचे मंदिर केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. त्यामुळे पुरातत्त्व खात्याचा धाक नव्हता आणि निर्णय पूर्णपणे गावाचा होता. ज्यांचे मंदिर यादीत आहे त्यांना परवानगीशिवाय दगडालाही हात लावता येत नाही. ज्यांचे नाही त्यांना काहीही करता येते, आणि मराठवाड्यातली बहुतेक जुनी देवळे या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणूनच हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अशा गावांचे विश्वस्त आहेत.

मत फिरले ते पारावर झालेल्या सभेत. चमूच्या वास्तुविशारद बाईंनी पडद्यावर आमच्या मंदिराचे एकही छायाचित्र न दाखवता इंग्लंडमधल्या खेड्यांतली चर्चे दाखवली. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत गावोगावी दगडी चर्चे बांधली. त्यांच्या अर्धगोल कमानी, कमानीवर नागमोडी नक्षी, आखूड जाड खांब आणि चार-चार फुटी भिंती अजून उभ्या आहेत. किल्पेक नावाच्या खेड्यातल्या ११४० च्या सुमाराच्या चर्चच्या दाराभोवती वेली आणि प्राणी कोरलेले आहेत, आणि छपराच्या पागोळीखाली चित्रविचित्र मुखांची रांगच्या रांग आहे. ते पाहून आमचे गुरवकाका मोठ्याने म्हणाले, "हे तर कीर्तिमुख!" आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कोरतात ते उग्र कीर्तिमुख अर्थात नव्हे, पण काळ मात्र एकच. तिकडे नॉर्मन राजवटीला दहा वर्षे होत असताना इकडे कल्याणीत सहावा विक्रमादित्य १०७६ साली गादीवर आला आणि त्याने आपला स्वतंत्र शक सुरू केला. दोन्हीकडच्या पाथरवटांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, पण भिंत मात्र दोघेही सारखीच रचत होते. बाहेरून एक घडीव पदर, आतून एक घडीव पदर आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर.

बाईंचा खरा मुद्दा पुढे होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या चर्चांना "मूळ रूप" देण्याची लाट आली. आतला-बाहेरचा चुन्याचा गिलावा खरवडून दगड उघडे केले गेले आणि मधल्या काळात झालेले बांधकाम शुद्ध नाही म्हणून पाडले गेले. जे नव्हते ते केवळ अंदाजाने नव्याने कोरण्यात आले. ट्यूक्सबरीच्या मोठ्या नॉर्मन चर्चवर हीच पाळी येणार असे दिसल्यावर विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ साली एका साप्ताहिकातून आवाज उठवला आणि जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, ती आजही चालू आहे. "खरवडविरोधी मंडळ" हे तिचे टोपणनाव. पुढे विसाव्या शतकात त्याच चर्चांचे सांधे सिमेंटने भरले गेले, भिंती ओलीने काळ्या पडल्या, आणि आता ते सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरण्याचे काम गावोगावी चालले आहे. म्हणजे जी चूक आम्ही १९९३ साली केली, ती ज्यांनी हे सिमेंट शोधले त्यांनी आपल्या देवळांवर आमच्या आधीच करून ठेवली होती. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे आणि इंग्लंडचेच आहे, हे मला दुकानदार असून ठाऊक नव्हते.

त्यातच २०२४ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात गाभाऱ्यातली चांदी आणि फरशा उतरवून मूळ दगड मोकळा केल्याचे सर्वांनी पाहिले होते. "पांडुरंगाला चालतं तर महादेवाला काय धाड भरली," असे एका माळकरी आजोबांनी म्हटले आणि ठराव मंजूर झाला.

पहिले तीन महिने गावाच्या दृष्टीने काहीच घडले नाही. मोजमापे झाली, प्रत्येक दगडाला खडूने आकडा पडला आणि चिरांवर काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्या गेल्या. चीर अजून हलत असेल तर काच तडकते, एवढी साधी युक्ती. सात पट्ट्यांपैकी एकच तडकली, ती दक्षिणेच्या भिंतीवरची. तुळईवरची शाबूत राहिली. ज्या तुळईच्या भीतीने आम्ही तीस वर्षांपूर्वी एवढा उद्योग केला ती जागची हलत नव्हती, आणि जिच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते ती भिंत सुटत होती. हे कळायला लागलेले तीन महिन्यांचे पैसे मला तेव्हा खटकले होते, आता खटकत नाहीत.

दक्षिणेच्या भिंतीचे कारणही समजावून सांगितले गेले. किल्लारीच्या भूकंपात जी घरे पडली त्यांच्या भिंती दोन पदरी, मातीत रचलेल्या आणि दोन्ही पदरांना एकत्र धरणारे आरपार दगड नसलेल्या होत्या. हादरा बसताच बाहेरचा पदर बाहेर, आतला आत, आणि वरचे जड माळवद सरळ खाली आले. आमच्या मंदिराच्या मूळ भिंतीत आरपार दगड आहेत, परंतु दक्षिणेचा काही भाग मागे कधीतरी पुन्हा रचताना ते घालायचे राहिले. छपरावरून मुरलेल्या पाण्याने मधली भर खाली बसत गेली आणि बाहेरच्या पदराला पोट सुटले. चमूने तेवढाच भाग उतरवला, आकड्यांप्रमाणे दगड अंगणात मांडले, आणि आरपार दगड घालून तो पुन्हा रचला. बाकीच्या पोकळ्यांत नळीने चुन्याची पातळ लापशी सोडली. त्या लापशीऐवजी सिमेंटचे पाणी का नको, असे मी विचारले, कारण ते स्वस्त पडले असते. उत्तर मिळाले की सिमेंट भिंतीपेक्षा कडक होते, भिंत थोडी हलली तर ते तिच्याबरोबर हलत नाही, दगडालाच तडा देते, शिवाय आत शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही आणि आपल्यातले क्षार त्या ओलीत सोडते. गर्भगृहाच्या भिंतीला दर हिवाळ्यात पांढरा खार फुटायचा, तो देवाचा विभूतीप्रसाद म्हणून काही लोक कपाळाला लावायचे. तो आमच्या पोत्यांतला होता.

गर्डरचे प्रकरण तर मला वैयक्तिकरीत्या लागले. लोखंड गंजले की फुगते, हे रोज लोखंड विकणाऱ्याला सांगायला नको. पण तो गंज सिमेंटात कोंडलेला असला तर फुगायला जागा दगडातच करतो. तुळईच्या ज्या टोकाला आम्ही आधार म्हणून गर्डर रुतवला होता, तेथूनच खांबाच्या शीर्षाचा हातभर ढलपा सुटला होता. आता गर्डर निघाले आहेत, तुळईत आतून स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळ्या तिरप्या घालून चीर शिवल्यासारखी केली आहे आणि ढलपा मूळ जागी बसवला आहे.

या सेवेतला सर्वांत पाहण्यासारखा भाग रंग काढण्याचा होता. त्यांनी सरसकट सुरुवात केली नाही. द्वारशाखेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा घेऊन शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर पायरीसारखा उघडत नेला. भिंगातून पाहिले तर सात पायऱ्या दिसत होत्या. सर्वांत वर केशरी, मग आकाशी, चंदेरी, पुन्हा आकाशी, पिस्ता, त्याखाली गुलाबी, आणि सर्वांत खाली पांढरी चुन्याची सफेदी. गुलाबी मी लगेच ओळखला. त्या वर्षी वडिलांकडे त्या छटेचे चौदा डबे पडून होते. दुकानाच्या माळ्यावरच्या एका फळीला अजून तोच रंग आहे. चमूतल्या मुलीने ऑइलपेंटचे सहा थर लेप लावून सोडवले. आधी रंग सैल करणारे रसायन, त्यावर कागदाच्या लगद्याचा ओला लेप, वर प्लॅस्टिक, दुसऱ्या दिवशी लाकडी पट्टीने उकल आणि मग नायलॉनच्या मऊ ब्रशाने पाणी. वाळूचा फवारा का नको, हे तिने हातात दगड देऊन दाखवले. बेसॉल्ट कितीही कठीण असला तरी त्याच्या कातीव पृष्ठावर आठशे वर्षांत एक घट्ट साय धरलेली असते, ती फवाऱ्याने उडाली की छिन्नीच्या मूळ खुणा जातात आणि उघड्या पडलेल्या खरबरीत अंगावर धूळ, तेल, ओल अधिकच धरते. उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखाला आम्ही लहानपणापासून एक गुळगुळीत गोळा समजत आलो होतो. रंग निघाला तेव्हा त्याला दात निघाले, वरच्या ओळीत सहा, आणि डोळ्यांच्या बाजूला भुवईची वळणदार मोड. खांबांच्या तळाशी बाण आणि त्रिशूळासारख्या छोट्या खुणा सापडल्या. त्या घडवणाऱ्या पाथरवटांच्या आपापल्या कामाच्या खुणा असाव्यात, असे सांगितले गेले.

सफेदीचा सर्वांत खालचा थर मात्र त्यांनी जागोजागी तसाच ठेवला. तो चुन्याचा आहे, दगडाला अपाय करत नाही आणि तोही मंदिराचा इतिहासच आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे काही खांब पांढरट ठिपक्यांचे दिसतात. हे गावाला अजिबात आवडलेले नाही. मलाही पूर्ण पटले आहे असे म्हणवत नाही.

चुन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हेमाडपंती म्हणजे बिनचुन्याचे, मग चुना हवाच कशाला, असा प्रश्न हमखास येतो. दगडांचे घडीव सांधे मुळात कोरडेच होते, आणि सिमेंट काढल्यावर जे सांधे घट्ट होते ते या चमूने कोरडेच ठेवले. चुना लागला तो भिंतीच्या पोटात, उघड्या पडलेल्या रुंद फटींत, घुमटाला आणि छपराच्या कोब्याला. कळीचा चुना आणून मंदिरामागे खड्ड्यात विझवला गेला. खदखदणारा तो खड्डा पाहायला शाळेची पोरे रोज यायची. चुनखडीचा दगड नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला वायू निघून जातो. पाणी घातले की तो फुलतो, आणि भिंतीवर लागल्यावर हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेत सावकाश पूर्वीच्या चुनखडीच्या दगडात परत जातो. सावकाश हा शब्द महत्त्वाचा आहे. सिमेंट दुसऱ्या दिवशी पाय ठेवू देते, चुना महिनोन्महिने पिकत राहतो. विटांची सुरकी म्हणजे भुकटी, तसेच गूळ आणि बेलफळाचा गर यांचे पाणी घालून तो चुन्याच्या घाण्यात मळला. घाण्याला बैल मिळाले नाहीत म्हणून मोटार लावली, यावर वयस्कर गवंडी नाराज होते. बेलफळाच्या गोष्टीवर मी हसलो होतो, पण वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्या जुन्या कारागिरांनी काय काय घालून पाहिले होते याचा अंदाज त्यावरून येतो.

छपरावरची माती ट्रॅक्टरच्या अकरा ट्रॉल्या निघाली. एवढे वजन त्या बारा खांबांनी किती वर्षे पेलले कोणास ठाऊक. तिच्यात वाढलेल्या पिंपळाला त्यांनी ओढून काढले नाही, कारण मुळांबरोबर दगड उपसतात. बुंधा कापून मुळांत औषध सोडले, ती वाळेपर्यंत थांबले आणि मग तुकड्या-तुकड्याने काढले. मग छपराला ढाळ देऊन चुन्याचा कोबा घातला. दहा-बारा बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी तो आठ दिवस ठोकत होत्या. ऊन लागून चुना फुटू नये म्हणून वर ओली गोणपाटे. पहिल्या दिवशी थापीचा आवाज दडदड येतो आणि शेवटच्या दिवशी टणटण, त्यावरून काम झाले की नाही ते कळते, हे मला त्यांच्यातल्याच एका मावशींनी सांगितले. अहवालात ते नाही.

वाद झाला तो एका खांबावरून. सभामंडपाचा आग्नेयेचा खांब अर्ध्यातून तुटलेला होता. नवा अर्धा भाग घडवताना चमूने त्याचे चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे मूळ आकार ठेवले, पण नक्षी कोरली नाही, आणि मागच्या बाजूला न दिसेल असे साल टाकले. गावाला वाटले पैसे वाचवले. बाईंनी स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा दाखला दिला. जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे तीत म्हटले आहे. उरलेले अकरा खांब एकमेकांसारखे नाहीत, तेव्हा बाराव्यावर काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही, हे खरे. तरीही मला वाटते की हे समजावण्याचे काम खांब उभा करण्याच्या आधी व्हायला हवे होते. आमची पाथरवट मंडळी अजून जिवंत कला राखून आहेत, देव अजून पूजेत आहे, आणि पूजेतल्या देवळाला वस्तुसंग्रहालयाचा नियम जसाच्या तसा लावावा का, हा प्रश्न त्या सनदेने माझ्यापुरता तरी सुटलेला नाही. नक्षी नसलेल्या त्या खांबाला आता गावात "मुका खांब" म्हणतात.

तक्रारींकडे वळतो. आठ महिन्यांचे काम एकोणीस महिने चालले. त्यातले चार महिने पावसाळ्याचे आणि चुना न मिळाल्याचे होते हे मान्य, पण उरलेल्या काळात चमूचे अर्धे लोक दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर असायचे, आणि फोन केला की "सोमवारी येतो" असे उत्तर मिळायचे, कोणता सोमवार ते कळायचे नाही. दोन महाशिवरात्री बांबूंच्या परांचीखाली झाल्या. दुसरी तक्रार कागदपत्रांची. दोनशेहून अधिक पानांचा अहवाल, नकाशे, छायाचित्रे, सर्व काही उत्तम आहे, आणि सर्व इंग्रजीत आहे. गुरवकाकांना रोज ज्या मंदिराची झाडलोट करायची त्याची निगा कशी राखावी हे त्यांना वाचता येत नसेल तर तो अहवाल कपाटाची शोभा आहे. तीन वेळा मागितल्यावर मराठीत दोन पाने मिळाली, त्यांत दिव्याचे तेल दगडावर सांडू देऊ नये आणि अभिषेकाचे पाणी पन्हाळीतूनच जाऊ द्यावे एवढेच आहे. नंदीला हळद-शेंदूर लावायचा की नाही, यावर एक शब्द नाही, आणि भांडणे त्यावरूनच होतात.

तिसरी तक्रार गळतीची. पहिल्याच पावसात नैऋत्येच्या कोपऱ्यात, घुमट आणि कोबा जेथे मिळतात तेथे, ओल आली. माझ्या माणसांनी डांबराचा पट्टा मारून पाच मिनिटांत ती बंद केली असती. मी मोह आवरला. चमूने येऊन पाहिले आणि ढाळ तेथे दोन बोटे कमी पडला हे मान्य केले, कारणे दिली नाहीत, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवतो. या धंद्यात तीस वर्षांत गळतीची चूक स्वतःची म्हणणारा कंत्राटदार मी पहिल्यांदा पाहिला.

आत गेल्यावर पूर्वी घामेजल्यासारखा जो कोंदट वास यायचा तो गेला आहे. टाइल्सखालची मूळ फरसबंदी निघाली, ती ओबडधोबड आहे पण पाय घसरत नाही. मे महिन्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात सभामंडप पूर्वीपेक्षा थंड वाटतो, हे माझे एकट्याचे मत नाही, दुपारी तेथे आडवे होणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ज्या आजींनी सुरुवातीला मला भर बाजारात "शेठ, देवाला उघडं पाडलं की तुम्ही," असे ऐकवले होते, त्या आता पाहुण्यांना हाताला धरून कीर्तिमुखाचे दात दाखवायला नेतात.

ज्यांना अशा सेवेचा विचार करायचा आहे त्यांनी करारात तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात, असे माझे सांगणे राहील. कामावर रोज किमान किती कारागीर असतील तो आकडा, निगेची पुस्तिका मराठीत, आणि दोन पावसाळे होईपर्यंत बिलाचा काही भाग राखून ठेवण्याचा हक्क. तिसरी गोष्ट आम्ही लिहून घेतली होती, कारण ती मी माझ्या धंद्यात शिकलो आहे. शेवटचा हप्ता अजून आमच्याकडे आहे. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की नैऋत्येचा कोपरा उखडून पुन्हा ठोकायला ते येणार आहेत, त्यासाठी लागणारा चुना माझ्याच दुकानामागे खड्ड्यात भिजत पडला आहे, आणि त्याचे बिल या वेळी मी मंदिराला लावलेले आहे.